पाकीट आईनं घेतलं, मत मी कुणाला देऊ?

ह्या आठवड्याचं पत्र:

"काकू, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, वय २४, गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे. बाबा कट्टर समितीवाले (महाराष्ट्र एकीकरण समिती), इलेक्शन आलं की घरात दुसरा विषयच नसतो. दोस्त म्हणतात समिती आता राहिली कुठं, नॅशनल पार्टीला दे, कामं तरी होतील. त्यात मागच्या इलेक्शनला गल्लीत पाकिटं आली, आईनं घेतलं आणि घेताना तिला भंडारा उचलायला लावला. आता ती म्हणते शब्द दिलाय, पुढच्या वेळीपण त्यांनाच, आणि तू पण. मला तर वाटतंय जाऊच नये. सुट्टी मिळत नाही, घाटातनं यायचं-जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि माझ्या एका मतानं काय होणार? नाहीतर 'नोटा'चं, म्हणजे कुणीच नकोचं, बटण दाबून मोकळं व्हावं. तुम्ही काय म्हणता? - वैतागलेला, खानापूर तालुका"

अरे बाळ, पत्र वाचून आधी हसूच आलं. एका पत्रात तू चार भांडणं घातलायस, बाबांशी, आईशी, दोस्तांशी आणि कंपनीशी, आणि ह्यात तुला स्वतःला काय पाहिजे ते एका ओळीत पण नाही. रस्ता पाहिजे, शाळेला मास्तर पाहिजे, का गावाजवळ नोकरी पाहिजे, काहीतरी असेलच की. ते नंतर बघू.

आईचं आधी घेते, कारण खरं तेच तुझ्या गळ्यात अडकलंय. आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की माणूस शब्द मोडत नाही, आणि ह्याच विश्वासावर तर हा सगळा धंदा चालतो. पाकीट वाटणारा देवाला घाबरत नाही, तुझी आई घाबरते, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणून तिच्यावर ओरडू नकोस, तिला "तू विकली गेलीस" असलं काही बोलू नकोस, दारात चार माणसं उभी राहिल्यावर आणि शेजारणीनं घेतल्यावर नाही म्हणणं सोपं नसतं, माझ्या सख्ख्या जावेनं घेतलंय, मला माहीत आहे. तिला एवढंच विचार की, आई, देवासमोर शब्द द्यायला लावणाऱ्यानं स्वतः काय शब्द दिला? त्यानं उचलला का भंडारा, की पाच वर्षांत गावचा रस्ता करीन म्हणून?

मीठ खाल्लंय म्हणतात ना, तर मीठ कुणाच्या घरचं ते पण बघ. विधानसभेला एका उमेदवाराला खर्चाची लिमिट आहे ४० लाख. आता समज एका मतदारसंघात एक लाख लोकांना ५०० प्रमाणे पोचले, झाले पाच कोटी. हा हिशोब त्याच्या खर्चाच्या वहीत कुठं दिसणार नाही, पण पाच कोटी घालणारा माणूस ते काढणार कुठनं? तुमच्याच गावच्या पुलातनं, गटारीतनं, बोअरवेलच्या बिलातनं. म्हणजे पाकिटातले पैसे तुमचेच होते, थोडे ॲडव्हान्स मिळाले एवढंच. कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघं पण गुन्हेगार, एक वर्षापर्यंतची कैद आहे, पण आईला हे सांगून घाबरवू नको. पुढच्या खेपेला कुणी आलंच तर फोनवर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल आहे, फोटो-व्हिडिओ काढून टाकता येतो, तक्रार करणाऱ्याला नाव लपवता येतं. (कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे २००० आणि बायकांचं फुकट तिकीट ह्याला पण काहीजण पाकीटच म्हणतात. मी नाही म्हणत. ते सरकारी तिजोरीतनं मिळतं, मत कुणाला दिलं ते न विचारता. ती योजना बरी का वाईट ह्यावर घाल हवा तेवढा वाद, पण तो वेगळा.)

आणि "त्यांना कळतंय कुणी कुणाला दिलं" असं आई म्हणत असेल तर ते अर्धंच खरं. मी बावीस वर्षं मराठी शाळेत होते, इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही, म्हणून सांगते. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते, तिच्यावर तुझं नाव नसतं, नंबर नसतो. मोजणी मात्र बूथप्रमाणं होते, त्यामुळं गावात एकूण कुणाला किती पडली हे कळतं आणि त्याच आकड्यावर ती माणसं दुसऱ्या दिवशी चौकात मिशीला पीळ देत फिरतात, तुमच्या गल्लीनं दगा दिला म्हणून. तो अंदाज असतो. तुझ्या आईनं कुठलं बटण दाबलं हे आई आणि तिचा देव, दोघांनाच माहीत.

आता एका मताचं. लोक नेहमी सांगतात तसला किस्सा मी पण सांगू शकते, आपल्याच कर्नाटकात २००४ ला संतेमरहळ्ळीत एक उमेदवार ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१ असा, म्हणजे एका मतानं निवडून आला, आणि २०२३ ला बेंगळूरच्या जयनगरात १६ मतांवर निकाल लागला. पण खरं सांगू का, असं क्वचित होतं, ह्या आशेवर घाट चढून ये असं मी तुला सांगणार नाही. पंचायतीला मात्र होतं, तिथं दोन-चार मतांचे निकाल तुझ्या गावातच सापडतील, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकून ठरवतात.

माझं कारण वेगळं आहे. एका ड्युटीला आमचं बूथ एका मराठी शाळेत होतं, चौथीच्या वर्गात, फळ्यावर आदल्या महिन्याचा सुविचार तसाच. सकाळी साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, झाली, सातला मतदान चालू, मे महिना, दहा वाजेपर्यंत पत्रे तापलेले. अकराच्या सुमाराला एक म्हातारी आली, सत्तरीच्या पुढची, एकटीच, मतदार चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधलेली. गाठ सोडायला तिला दोन मिनिटं लागली. पहिल्या टेबलावर नाव बघितलं तर नावापुढं आधीच खूण, वहीत अंगठा, कुणीतरी तिच्या नावानं मत देऊन गेलेलं. एजंट लोक खाली बघायला लागले. आम्हाला वाटलं म्हातारी जाईल परत, बरेचजण जातात, असू दे, होगली बिडू म्हणून. ही बाकावर बसली. "माझं मत कुणी खाल्लं ते सांगा, तोवर मी उठत न्हाई." शेवटी आमच्या प्रिसायडिंग ऑफिसरनी नियम काढला, असं झालं तर टेंडर वोट देता येतं, कागदाची मतपत्रिका, तिच्यावर शिक्का मारायचा, आणि ती वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवायची. तिनं शिक्का मारला, बोटाला शाई लावून घेतली, उन्हात ते बोट बघत बघत गेली. ते पाकीट साध्या मोजणीत धरत नाहीत, भांडण कोर्टात गेलं तरच उघडायची वेळ येते. हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. अजून टोचतंय.

तर तुझं मत कुणी खाल्लेलं नाही, तूच ते ताटात टाकून उठायलास. जायचं नसेल तर नको जाऊस, पण "एका मतानं काय होतंय" हे कारण मला देऊ नकोस, "कंटाळा आला" म्हण, ते मी समजू शकते.

आता बाबा. बघ, मी पण ह्याच मातीतली, १७ जानेवारीला सीमालढ्याच्या हुतात्म्यांना हात जोडणारी, १ जूनला हिंडलग्याला जाणारी, त्यामुळं बाबांच्या मताला वेडेपणा म्हणणाऱ्या तुझ्या दोस्तांचा मला रागच येतो. त्यांना म्हणावं १९९६ चं लोकसभेचं इलेक्शन माहीत आहे का? बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते, सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून घराघरातनं माणसं उभी केली होती. तेव्हा कागदी मतदान, ती मतपत्रिका कसली, पुस्तकच होतं, घडी घालून पेटीत घालताना नाकी नऊ. त्याच वर्षी नलगोंड्याला ४८०, तिकडं तमिळनाडूत एका विधानसभेला हजाराच्या वर. परिणाम काय झाला? सीमाप्रश्न होता तिथंच राहिला आणि लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरनं १०,००० वर गेलं, आता तर २५,००० आहे. हसायला येतं पण विचार कर, साध्या माणसांच्या अर्जांनी देशाचा कायदा बदलायला लावला, आम्हाला पाहिजे तसा नाही एवढंच. आणि २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीला समितीच्या तरुण पोरानं एक लाखाच्या वर मतं घेतली, तो पडला, पण जिंकणारा आणि दोन नंबरवाला ह्यांच्यात फरक पाच हजारांच्या आसपास होता. मग ती लाखभर मतं वाया गेली असं कोण म्हणेल? दोन्ही पार्ट्यांनी रात्री बसून त्याच मतांचा हिशोब केला असणार.

पण बाबांना पण एक सांगायचंय, जरा चिकटून. सीमेची केस सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, आणि राज्याच्या हद्दी बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ नं पार्लमेंटला आहे. ग्रामपंचायतीच्या मेंबराला तो नाही, नगरसेवकाला नाही, आमदार सभागृहात उठून बोलू शकतो, बोललाच पाहिजे, पण हद्द तो बदलू शकत नाही. म्हणून प्रत्येक इलेक्शनला एकाच प्रश्नावर शिक्का मारला तर गटारीच्या खुर्चीवर कोण बसला हे बघायचं राहून जातं. ही चूक मी स्वतः केलीय. आमच्या वॉर्डात एकदा आमच्या पाव्हण्यातला उभा होता, भाषण असं की अंगावर काटा यायचा, आम्ही घरच्या सगळ्यांनी डोळे झाकून दिलं. मी वडगावची, बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात आमच्या बाजूच्या भाताच्या शेतात काय करतं ते इथल्या पोराला पण माहीत आहे. त्या वर्षी पाणी घरापर्यंत आलं, मागच्या खोलीत बासमतीची चार पोती भिजून त्यांना मोड आले, आणि साहेबांचा फोन तीन दिवस स्विच ऑफ. चौथ्या दिवशी लागला तर म्हणतात, "काकू, मी मीटिंगमध्ये आहे." भाषण देणारा वेगळा आणि पाण्यात उतरणारा वेगळा, हे मला चार पोती देऊन कळलं.

म्हणून मी आता आधी खुर्ची बघते, मग माणूस. पंचायत असेल तर नळ, गटार, घरकुलाची यादी, आणि पीडीओला (पंचायतीच्या सरकारी अधिकाऱ्याला) जाब विचारायची धमक. आमदार असेल तर शाळेला मास्तर, सरकारी दवाखाना, तालुक्याचे रस्ते, आणि मराठी माणसाला मराठीत कागद मिळवून देणं, ते पण तिथलंच भांडण. खासदार म्हणजे रेल्वे, हायवे, आणि हो, दिल्लीत सीमाप्रश्नावर तोंड उघडणं. तुझ्या तालुक्याची तर गंमतच आहे, जिल्हा बेळगाव पण लोकसभेला खानापूर उत्तर कन्नडात, खासदार कारवारच्या बाजूचा. तुमच्याकडच्या किती जणांना आपला खासदार कोण ते न अडखळता सांगता येतं बघ बरं एकदा विचारून. जिल्हा पंचायत-तालुका पंचायतीची मुदत २०२१ ला संपली आणि पुढं वर्षानुवर्षं इलेक्शनच नाही, त्यावर किती जणांनी आवाज केला?

आणि दोस्तांना पण एक प्रश्न. "नॅशनल पार्टीला दिलं की कामं होतात" हे खानापुरानं करून बघितलंय की. २०१३ ला समिती, २०१८ ला काँग्रेस, २०२३ ला भाजप. तिन्ही झालं. आता तुम्ही पोरांनी एका रविवारी कट्ट्यावर बसून तिन्ही काळात तुमच्या गावात काय झालं ते कागदावर लिहा, कुठला रस्ता कधी झाला, जंगलाकडच्या वाड्यांना पावसाळ्यात पूल आहे का अजून लाकडाचा साकव, शाळेत किती मास्तर होते आणि आता किती. व्हॉट्सॲपवरची पोस्टरं बाजूला ठेवून. ह्या एका कागदासमोर कुठल्याही पार्टीच्या माणसाला बोलतं करता येतं.

माणूस बघायचा म्हणजे काय, तर त्याचं प्रतिज्ञापत्र वाच. आमदार-खासदारकीच्या प्रत्येक उमेदवाराला फॉर्म २६ भरावाच लागतो, निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर फुकट मिळतो. बऱ्याचदा कन्नडात असतो, तुला वाचता येत नसेल तर वाचणारा दोस्त धर, त्यात लाज कसली. आता ह्यात आपल्या भागाची एक खास गोष्ट, गुन्हे किती हा आकडा बघून घाबरू नको. इथं १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललेल्या अर्ध्या पोरांवर केसेस असतात, जमाव जमवला, रस्ता अडवला. तसली दहा कलमं असलेला माणूस मला चालेल. पण जमिनीच्या व्यवहारात फसवणूक, सोसायटीचे पैसे खाल्ले, बाईला मारहाण, असलं एक जरी असलं तर दहा वेळा विचार कर. कोर्टानं आरोप निश्चित केलेत का नुसती एफआयआर आहे ते पण तिथंच लिहिलेलं असतं. मालमत्ता बघताना मागच्या वेळचा फॉर्म शेजारी ठेव. वाढली म्हणजे लगेच चोर असं नाही, बेळगावच्या आसपास जमिनीचे रेट कुठं गेलेत बघतोयस ना, पण नवीन जमिनी कधी घेतल्या, बायकोच्या नावावर काय आहे, धंदा काय दाखवलाय, हे जुळतंय का बघ. सरकारी देणं थकलंय का त्याचा पण रकाना असतो, तो कुणी वाचत नाही, मी आधी तोच वाचते.

आणि कागदापेक्षा पक्की एक परीक्षा आहे, इलेक्शन नसताना तो कुठं असतो. पुराच्या वेळी, कुणाच्या मयतीला नव्हे हां, मयतीला सगळे येतात फोटोग्राफर घेऊन, तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, ऑफिसात कुणा शेतकऱ्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी बसलेला तो कधी कुणाला दिसलाय का. प्रचाराला दारात आला तर पाया पडू नको आणि वाद पण घालू नको, एकच प्रश्न विचार, तुमच्या गावाचं एक नेमकं काम घेऊन, "हे कुठल्या ऑफिसात अडकलंय?" ज्याला ते माहीत आहे तो काम करणारा. "करून देतो की" म्हणाला की समज.

नोटाचं थोडक्यात. २०१३ पासून ते बटण आहे, दाबलंस तर मोजलं जातं, पण आमदार-खासदाराच्या इलेक्शनला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. सगळेच नालायक आहेत हे तू फॉर्म वाचून ठरवलंस तर दाब बिनधास्त, मी पण एकदा दाबलंय. आई-बाबांच्या भांडणातनं सुटायला दाबणार असशील तर नको.

सुट्टीचं म्हणशील तर लोकसभा-विधानसभेला मतदानादिवशी पगारी सुट्टीचा कायदा आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ बी, आणि आयोगानं सांगितलंय की नोकरी दुसरीकडं असली तरी ज्याचं मत तिथं आहे त्याला ती मिळाली पाहिजे. आठवडाभर आधी एचआरला लेखी मेल टाक, सोबत मतदार यादीतल्या तुझ्या नावाचं पान जोड. तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात. पंचायतीच्या वेळी हा कायदा लागू नाही, तेव्हा तुझी रजा टाकावी लागेल, ती गणपतीसाठी साठवतोस तशी एक ह्याच्यासाठी ठेव.

आणि वेर्ण्यात तुझा रूम पार्टनर "इथं पण नाव घाल" म्हणाला असेल, बरेच म्हणतात, तर दोन्हीकडं नाव ठेवू नको, तो गुन्हा आहे. कायमचं राहणं कुठं ते ठरव आणि एकच ठेव. नुसतं कामाला बाहेर गेल्यानं गावचं नाव जात नाही, पण तिकडंच संसार थाटणार असशील तर फॉर्म ८ भरून बदलून घे.

हे सगळं करायच्या आधी आज रात्री एक कर, निवडणूक आयोगाच्या ॲपवर नाहीतर १९५० ला फोन करून यादीत तुझं नाव आहे का बघ, आईचं आणि बाबांचं पण, वडिलांचं नाव आणि आडनाव बरोबर पडलंय का ते नीट वाच, कन्नडातनं मराठीत आणि मराठीतनं इंग्लिशात जाता जाता आपली आडनावं कुठल्या कुठं जातात. नाव असलं तर ठीक. नसलं तर लगेच लिही मला, फॉर्म ६ कसा भरायचा ते फोनवर बसून सांगते. आणि तुमच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या बीएलओ बाई बहुतेक तुमच्याच गावच्या अंगणवाडीताई नाहीतर मास्तरीणबाई असतील, त्यांना माझा नमस्कार सांग.

- काकू